मोरपंखी, दहा वाजताच्या उजेडात

भवानी पेठेत हुसेनसाबांचं घर विचारलं तर लोक घर सांगत नाहीत, दार सांगतात. "ते बघा, म्हातारा बसलाय ना उंबऱ्यावर, तेच."

सकाळी दहाला ऊन समोरच्या भिंतीवर असतं आणि ह्या उंबऱ्यावर नुसता उजेड. त्या तासाभरात हुसेनसाब रंग बघणार. चाळीस वर्षं झाली, त्यात बदल नाही. अकरा वाजले की ऊन भिंतीवरून उतरून रस्त्यात येतं. मग कुणी कितीही गळ घातली तरी ते सुताकडे बघत नाहीत. "आता उजेड खोटं बोलतोय," म्हणतात आणि उठतात.

त्यांचं काम चादरीची नक्षी काढण्याचं. ग्राफ पेपरच्या बारीक चौकटी एकेक करून रंगवायच्या. त्या चौकटींवरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडतात आणि भोकं सांगतील तसे माग धागे उचलतो. "चौकट चुकली तर मोराला तिसरा पाय फुटतो," ते सांगायचे. "रंग चुकला तर मोरच येत नाही."

रंगांसाठी त्यांच्याकडे एक कडं होतं. जाड तारेचं, बांगडीपेक्षा दुप्पट मोठं, आणि त्यावर सुताचे चौदा झुपके बांधलेले. तारेच्या जोडापासून पहिला पांढरा, मग बदामी, हळदी, नारंगी, तांबडा, डाळिंबी असं करत शेवटी राखी आणि काळा. त्यांची मुलगी इफ्रा एक ते चौदा आकडे शिकली ती ह्याच कड्यावर.

त्यांचा उजवा डोळा सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं गेला. तेव्हा ते म्हणाले होते, "दोन्ही डोळे एकच तर रंग बघत होते. एक बास झाला."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला गुरुसिद्धप्पा आले. यंत्रमागाचे मालक, तीस वर्षं ह्याच घरची नक्षी वापरणारे. खुर्चीत बसले, पण चहाला हात लावला नाही.

"साब, कागद आता बंद करू या."

"बंद म्हणजे?"

"पत्ते पाडणारा माणूस थकला, गावाकडं गेला. नव्या मशीनला फाईल लागते. कॉम्प्युटरवर काढलेली."

"आणि मी?"

"तुमाला कोण सोडतंय. गेल्या साली दुसरीकडनं फाईल करून घेतली की मी. स्क्रीनवर मोरपंखी असा, की बघत ऱ्हावं. मागावरनं उतरला तर राख. सगळा माल पडून हाय." गुरुसिद्धप्पा पुढे वाकले. "पोरगी शिकलीय न्हवं कॉम्प्युटरवर नक्षी काढायला? काढू दे तिला. पण कुठल्या रंगाला कुठलं सूत, ती चिठ्ठी तुमच्या सहीची पाहिजे. तुमचा डोळा हाय तोवर माझं काम ह्याच घरात."

आतून हुसेनसाबांची बायको झीनत म्हणाली, "चाय तो पियो, अप्पा. ठंडी हो रई."

गुरुसिद्धप्पांनी कप उचलला. हुसेनसाबांनी मात्र आपला तसाच ठेवला.

मग लॅपटॉप घ्यायचं ठरलं. इफ्रा चार दिवस मोबाईलवर वाचत होती. स्क्रीन चकचकीत ग्लॉसी बरा की बिनचमकीचा मॅट बरा, ह्यावर जगात एवढी भांडणं चालतात हे तिला माहीत नव्हतं. कुणी लिहिलं होतं, ग्लॉसीत रंग जिवंत दिसतात. कुणी लिहिलं होतं, ग्लॉसीत स्वतःचंच तोंड दिसतं. शेवटी तिनं फोन ठेवला आणि बापाला घेऊन नवी पेठ गाठली.

दुकानदार अजिनाथ मंगळवेढ्याकडचा. त्यानं दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडले.

"बघा ताई, आतलं सामान दोन्हीचं सारखंच. फरक निस्ता स्क्रीनचा. ही ग्लॉसी. फोटो बघा, सिनेमा बघा, रंग कसे उड्या मारत्यात. ही मॅट. चमक न्हाय. हापिसातली माणसं नेत्यात, डोळ्याला बरी म्हणून."

"पण रंग?"

"रंग दोन्हीकडं त्योच की. वरची काच त्येला नटवती, एवढंच."

इफ्रानं पेनड्राईव्हमधून मोराची नक्षी दोन्हींवर उघडली. ग्लॉसी स्क्रीनकडे बघून ती हरखलीच. "अब्बा, किती भारी दिसतंय. मोर आत्ता उडेल असा."

हुसेनसाब काठी टेकून उभे होते. म्हणाले, "दोन्ही दारात घे."

"दारात?" अजिनाथनं विचारलं.

"दारात. उजेडात."

"चाचा, चादर घ्यायला आलाय का लॅपटॉप?"

"चादरीसाठीच आलोय बेटा."

अजिनाथनं हसत दोन स्टुलं दारात मांडली. त्याबरोबर ग्लॉसी स्क्रीनवर सगळी नवी पेठ उतरली. मोराच्या पिसाऱ्यातून एक रिक्षा गेली. केळ्यांचा गाडा आला तो थांबूनच राहिला. मध्ये इफ्राची स्वतःची ओढणी. तिनं ओढणीनंच आडोसा करून बघितला.

"जरा तिरकं करा की ताई."

"उजेड तिरका होतोय का, विचार त्याला," हुसेनसाब म्हणाले. त्यांनी खिशातून कडं काढलं. अंगठा तारेच्या जोडावर ठेवला, पुढे सरकवत नेला आणि एका झुपक्यावर थांबवला. मान वर, नजर रस्त्याकडे. "हा मोरपंखी. धागा काढून लाव स्क्रीनला."

अजिनाथ बघतच राहिला. "न बघता, चाचा? आमचा आण्णा मेंढरं अशी वळखायचा. अंधारात निस्ता पाठीवर हात ठेवला की सांगायचा, ही कुणाची."

"मेंढरं जागा बदलतात," हुसेनसाब म्हणाले. "रंग कुठं जातात."

इफ्रानं धागा ग्लॉसीवर धरला. "छान आहे. म्हणजे, आपल्यापेक्षा जास्तच छान आहे, अब्बा."

मग तिनं तो मॅटवर टेकवला. आणि काहीच बोलली नाही. रस्त्यावरून दोन मोटरसायकली गेल्या.

"काय झालं?"

"धागा सापडत नाहीये."

"पडला?"

"नाही. स्क्रीनवरच आहे. त्या रंगात मिसळून गेलाय."

"हाच घे," हुसेनसाब म्हणाले.

"तुम्ही वाकून बघितलंतही नाही."

"बघितलं की. चल, तुझी अम्मी वाट बघत असेल."

पुढच्या आठ दिवसांत इफ्रानं नक्षी पुरी केली. मधेच रंगाऱ्याला डाळिंबी रंगाचा नमुना हवा झाला. तिनं कड्यावरचा डाळिंबीचा झुपका सोडून नेला आणि परत आणल्यावर पुन्हा बांधला. मधे घालायचा तर बाकीचे आठ झुपके सुटे करायला लागले असते. म्हणून तिनं तो सगळ्यांत शेवटी, काळ्याच्या पुढे बांधून टाकला. ह्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही.

चिठ्ठीचा दिवस उजाडला. दहा वाजता हुसेनसाब उंबऱ्यावर बसले. इफ्रा लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी. ती रंग सांगणार. ते कड्यावरून झुपका देणार, ताण्याचा आणि बाण्याचा धागा चिमटीत पीळ घालून वर धरणार. उभा आणि आडवा धागा एकमेकांत मिसळले की जो रंग दिसतो तोच चादरीवर उतरतो. ही त्यांची रीत.

"नारंगी."

"हा घे."

"तांबडा."

"हा."

"मोरपंखी."

अंगठा जोडापासून सरकत गेला, थांबला. "हा."

तो आकाशी होता.

हात घसरला असेल, असं इफ्राला वाटलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यांनी आकाशी धागा पिळला, उजेडात धरला, मान कलती केली, नेहमीसारखे डोळे बारीक केले आणि म्हणाले, "चांगलाय. पाण्यावर आलेला मोरपंखी आहे."

इफ्राच्या मांडीवर लॅपटॉप होता म्हणून ती हलली नाही. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "काळा?"

अंगठा चौदाव्या झुपक्यावर गेला. त्यांनी डाळिंबी सूत तिच्या हातात ठेवलं. भर उजेडात, लालभडक.

"अब्बा," ती म्हणाली. "डाळिंबी मी शेवटी बांधलाय, त्याच्या पुढचे सगळे एकेक जागा अलीकडे आलेत. परवा."

हुसेनसाबांचा हात कड्यावर तसाच राहिला. समोरच्या भिंतीवर कुणाचं तरी गोधडं वाळत होतं, त्याच्याकडे ते बघत होते. किंवा त्या दिशेला.

"कधीपासून?"

"पाच महिने."

"काहीच दिसत नाही?"

"उजेड कळतो. माणूस आलं-गेलं कळतं. रंग म्हणशील तर सगळं राखी."

"अम्मीला माहीत आहे?"

"डोळ्यात थेंब तीच घालते ना. मीच तिला म्हटलं, नक्को बोलू. तुझं शिकणं पुरं होऊ दे म्हटलं. नवी नक्षीही कुणी मागितली नाही तेवढ्यात."

इफ्रानं लॅपटॉप मिटला. "मग दुकानात? तिथं कसं निवडलंत?"

"तुझ्यावरून."

"माझ्यावरून?"

"पहिल्या स्क्रीनला तू म्हणालीस, आपल्यापेक्षा छान. दुसऱ्याला गप्प झालीस." त्यांनी कडं मांडीवर ठेवलं. "माझे उस्ताद होते ना, चूक झाली की तासभर बोलायचे. रंग बरोबर आला की गप्प. मी त्यांच्या गप्प बसण्यावर शिकलो बेटा. तुझं गप्प बसणं मला ओळखता येतं."

ती रडली नाही. भरलेले डोळे ओढणीनं पुसले असते तर त्यांना सळसळीवरून कळलं असतं, म्हणून तिनं तेही केलं नाही. ती म्हणाली, "मी सगळे रंग लावते. तुम्ही चिठ्ठीवर फक्त सही करा. कुणाला कळणार आहे?"

"हौ, कुणालाच नाही."

"मग?"

"दुसऱ्याच्या रंगावर मी कधी सही केली नाही. तुझ्याही नाही करणार. गुरुसिद्धप्पाला बोलाव."

"ते काम काढून घेतील."

"घेतील कदाचित. बोलाव."

गुरुसिद्धप्पा दुसऱ्या दिवशी आले. हुसेनसाबांनी चिठ्ठी पुढे केली.

"ही इफ्राची. सहीसुद्धा तिचीच."

"आन तुमची?"

"माझा दुसरा डोळाही गेला, अप्पा. पाच महिने झाले. शब्द तुम्ही डोळा आहे तोवरचा दिला होता. आता तुम्ही मोकळे."

गुरुसिद्धप्पांनी कडं उचललं, मोरपंखीचा झुपका शोधला, त्याच्यावरून बोट फिरवलं. तीस वर्षांत त्यांनी ते कडं पहिल्यांदाच हातात घेतलं होतं.

"ह्या डोळ्यावर मी माल पाठवला हो साब. कुटं कुटं पाठवला." मग चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "एकच चादर काढतो. आधी ती बघू. पुढचं पुढं."

ते गेल्यावर झीनत म्हणाली, "बोलना था क्या इत्ता सच?"

चार दिवसांनी गुरुसिद्धप्पा चादर घेऊन आले. हुसेनसाब आत पलंगावर बसले होते. गुरुसिद्धप्पांनी चादर उंबऱ्यावर उलगडली. मोर सरळ उतरला होता, पाय दोनच होते. हुसेनसाबांना ऐकू जावं एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "सांग पोरी. तुझा रंग आला का?"

इफ्रा उजेडात वाकली. लॅपटॉप उघडून शेजारी ठेवला, कड्यावरचा धागा चादरीवर टेकवला. आत पलंग कुरकुरला नाही. झीनत पातेलं हातात घेऊन तशीच उभी. हो म्हणायचं होतं फक्त. गुरुसिद्धप्पांचा चेहरा हो ऐकायला तयार होता.

"नाही," इफ्रा म्हणाली.

"मला तर बरा वाटतोय की."

"बरा आहे. पण तो नाही. बाण्याचं सूत मी एक छटा गडद लिहिलं. मोरपंखी दबलाय. चूक माझी आहे."

गुरुसिद्धप्पांनी आत बघितलं. हुसेनसाब गप्प होते.

"साब, काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? मला दिसत नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "तिला दिसतंय."

गुरुसिद्धप्पांनी चादरीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "खवचट डोळा हाय हिचा. तुमच्यावर गेलाय." मग इफ्राला म्हणाले, "नवी चिठ्ठी लिही. ही चूक सुधार. मी बसतो."

इफ्रा आत आली, बापासमोर उभी राहिली.

"वाजले किती?" हुसेनसाबांनी विचारलं.

"अकराला दहा कमी."

त्यांनी चाचपडत कडं घेतलं आणि तिच्या हातात दिलं. डाळिंबी अजून शेवटीच होता.

"मग दहा मिनिटं आहेत," ते म्हणाले. "जा, दारात बस."