एंटर आला का?

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. कामाच्या गडबडीत आपण पुढं निघून जातो आणि ते मागं एकावर एक साचत राहतात. मग एखाद्या दिवशी कुणीतरी ग्रुपवर एक फोटो टाकतं आणि सगळे एकदम अंगावर येतात.

परवा इरफाननं असाच फोटो टाकला. आमची अंबाजोगाईची जुनी कंप्युटर लॅब. ती आता बंद झाली, मशिनी भंगारात गेल्या. फोटोत नुसता दरवाजा आहे, हिरव्या रंगाचा, खालून कुजलेला. आणि फोटोखाली इरफाननं लिहिलंय, "एंटर आला का?"

मी ड्यूटीवर होतो. साखर कारखान्याचा वजनकाटा, समोर उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग. मला आधी हसू आवरेना आणि मग डोळेच भरून आले. ट्रॅक्टरवाला खाली वाकून विचारतोय, साहेब, घरी सगळं बरंय ना? आता त्याला काय सांगणार! तुम्हाला सांगतो.

*

आमची बॅच शनिवार-रविवारची. म्हणजे आठवडाभर पोटापाण्याचं बघून डिग्री करणाऱ्यांची. मी माजलगावहून यायचो. इरफानचं अंबाजोगाईतच मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आणि मथुराताई यायच्या मांजरसुंब्याहून, एसटीनं. तिकडच्या एका निवासी शाळेत त्या स्वयंपाकाला होत्या. वय छत्तीस. धनगराच्या घरातल्या, लहानपण मेंढरांमागं गेलेलं. बारावी झाली ती लग्नानंतर, स्वतःच्या हिमतीवर.

त्या शाळेच्या ऑफिसातला क्लार्क तीन वर्षांनी रिटायर होणार होता. मुख्याध्यापकांनी ताईंना सांगून ठेवलेलं, तोवर कंप्युटरची डिग्री आणा, ती खुर्ची तुमची. नाही आणली तर बाहेरचा माणूस घेऊ. एवढ्या एका वाक्यावर ही बाई पहाटे दोनशे पोरांच्या भाकरीचं पीठ मळून एसटीला उभी राहायची.

आणि आम्हाला शिकवायला होते गायकवाड सर. खिशात पेनाऐवजी खडू, आणि घाई कसली ती ठाऊकच नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, की आपण कीबोर्डवर जे टाइप करतो ते थेट प्रोग्रॅमच्या पोटात जात नाही. ते आधी रांगेत उभं राहतं. प्रोग्रॅम त्याला पाहिजे तेव्हा रांगेतलं पुढचं अक्षर उचलतो. या रांगेला म्हणायचं स्ट्रीम. एसटीच्या दारात रांग असते तशी.

इरफाननं हात वर केला. म्हणाला, सर, आपल्या जिल्ह्यात एसटीच्या दारात रांग कधी पाहिली तुम्ही? इथं माणूस खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो.

सर शांतपणे म्हणाले, "हाच तर फरक हाय. कंप्युटर रुमालाला मानत न्हाई."

*

कंप्युटर कशाकशाला मानत नाही, ते मग एकेकाला कळत गेलं.

सरांनी एक साधा प्रोग्रॅम दिला. वय विचारायचं, अठराच्या वर असेल तर पुढं जायचं, नसेल तर पुन्हा विचारायचं. इरफाननं आकडा टाकायच्या ऐवजी इंग्रजी अक्षरांत 'पस्तीस' टाइप केलं. का, तर त्याला बघायचं होतं काय होतं ते.

झालं असं, की स्क्रीनवर 'वय सांगा, वय सांगा, वय सांगा' असं जे धावायला लागलं ते थांबेचना. इरफान एकेक बटण दाबतोय, काही उपयोग नाही. शेवटी पठ्ठ्यानं खाली वाकून प्लगच उपटला. घाईत तो शेजारच्या मशीनचा निघाला. ते मशीन माझं. दीड तासाचं काम गेलं. मी त्याला काय काय बोललो ते इथं सांगत नाही.

सर आले, खुर्ची ओढून बसले. म्हणाले, त्याला आकडा पाहिजे होता, तुम्ही अक्षरं वाढली. तो रुसला. आता रुसलेला जावई आणि हा, दोघांचं सारखंच. समोर पंचपक्वान्नं ठेवा, हात लावणार नाही. आधी त्याचा रुसवा काढायचा, ती 'क्लिअर'ची ओळ. मग पुढ्यातलं नको असलेलं ताट उचलायचं, ती 'इग्नोर'ची ओळ. मगच नवीन वाढायचं.

इरफानचं नुकतंच लग्न झालेलं. तो म्हणाला, सर, हे सासऱ्यांना लिहून देता का?

*

इरफानला हसलो खरा, पण माझी पाळी पुढच्याच आठवड्यात आली.

मला लई हौस. कारखान्याच्या काट्यासाठी आपणच प्रोग्रॅम लिहायचा आणि साहेबांना दाखवायचा, असं मनात होतं. लिहिला. लॅबमध्ये सगळ्यांना गोळा केलं. ट्रॅक्टरचा नंबर टाकला आणि वजनाच्या जागी ऐटीत टाकलं चौदा, मग स्वल्पविराम, मग दोनशे पन्नास. आम्ही काट्यावर चौदा हजार दोनशे पन्नास किलो असंच लिहितो. जन्मभराची सवय.

स्क्रीनवर आलं, वजन चौदा किलो.

आकडा वाचताना तो स्वल्पविरामाला अडला आणि तिथंच थांबला. पुढचं सगळं रांगेत तसंच पडून.

"बे," इरफान म्हणाला, "चौदा किलो ऊस हाय तर ट्रॅक्टर कावून आणला? सायकलीवर आणायचा की."

मथुराताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. सरही हसले. मी आठ दिवस त्या लॅबमध्ये 'चौदा किलो' होतो. आठ दिवस कसले, ग्रुपवर माझं नाव आजही तेच आहे. साहेबांना तो प्रोग्रॅम दाखवायचा राहूनच गेला.

*

आता मथुराताईंच्या नावाचा किस्सा.

त्या दिवशीचा प्रोग्रॅम होता, नाव विचारा आणि स्वागत करा. आम्ही सगळ्यांनी फॉर्मवर लिहितो तसं नाव टाकलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव. आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर नुसतं पहिलं नाव आलं. कारण आकडा वाचायची जी साधी रीत आहे तिनंच शब्द वाचला, तर मधली मोकळी जागा आली की ती थांबते. पुढचे बाप आणि आडनाव रांगेतच.

सगळे कुरकुरायला लागले. सर, हे चुकलं, माझं नाव अर्धंच आलं.

मथुराताई मात्र स्क्रीनकडं बघत बसल्या होत्या. स्क्रीनवर लिहिलं होतं, स्वागत आहे मथुरा.

त्यांचा नवरा बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला, परत आला नाही, कुठं आहे पत्ता नाही. पण दवाखाना म्हणा, बँक म्हणा, रेशन म्हणा, कुठल्याही खिडकीवर गेलं की पहिला प्रश्न, मिस्टरांचं नाव? बारा वर्षं या बाईनं प्रत्येक कागदावर ते नाव लिहिलं. त्या दिवशीही सवयीनं टाइप केलं होतं. मशीननं घेतलं नाही.

सर मागं येऊन उभे राहिले. ताई म्हणाल्या, "सर, लई शहाणं यंत्र हाय हे. माझं तेवढंच घेतलं."

त्या दिवशी सर पुढची रीत शिकवणार होते. 'गेटलाइन' म्हणून, अख्खी ओळ उचलते, नवरा-आडनावासकट. फळ्यावर मथळा लिहूनही झाला होता. सरांनी डस्टर घेतलं, मथळा पुसला आणि म्हणाले, आज इतकंच. मला वाटलं सरांना बरं नाही. किती बावळट होतो मी.

*

गेटलाइन मग पुढच्या शनिवारी आली, आणि तिथंच सगळ्यांची दांडी उडाली.

आधी रोल नंबर घ्यायचा, मग गेटलाइननं पूर्ण नाव. आम्ही नंबर टाकून एंटर दाबलं, आणि प्रोग्रॅमनं नाव विचारायच्या जागी थांबायलाच पाहिजे होतं, तो थांबलाच नाही. नाव कोरं ठेवून पुढं गेला. सगळ्या लॅबचं तेच.

सरांनी आम्हाला उठवलं. दारात रांग लावली. एकाच्या हातात रोल नंबरची चिठ्ठी. दाबलेला एंटरही रांगेतच उभा राहतो, म्हणून त्याच्यामागं मथुराताई, त्या झाल्या एंटर. त्यांच्यामागं नावाच्या चिठ्ठीवाला. सर म्हणाले, नंबर घेणारा इरफान. इरफान गेला आणि नंबरवाल्याला आत घेऊन आला. त्याला नंबरच पाहिजे होता, त्यानं नंबरच नेला. आता गेटलाइन मी. माझं काम, एंटर दिसेपर्यंत जे दिसेल ते उचलायचं. मी दारात गेलो. समोरच एंटर उभा. मग उचलू काय? रिकाम्या हातानं परत आलो.

सगळे हसले. पण मथुराताई दारातच उभ्या. त्यांना वाटलं कुणीतरी बोलावेल.

"नंबर नेला, नाव न्यायला आला," त्या म्हणाल्या, "आन मला दारातच सोडलं व्हय?"

सर उठले. दारापर्यंत गेले, ताईंच्या हाताला धरलं आणि त्यांना आत आणून खुर्चीवर बसवलं. आम्हाला म्हणाले, "ही इग्नोरची ओळ. दारात राहिलेल्याला आधी आत घ्यायचं, मग नाव विचारायचं."

तेव्हापासून मथुराताईंचं नाव पडलं एंटर. आणि लॅबची रीतच झाली. मांजरसुंब्याची एसटी कधी वेळेवर येते? पण सर आले की हजेरी घेत नसत. नुसतं विचारायचे, एंटर आला का? नाही म्हटलं की खडू परत खिशात. ताई धापा टाकत दारात दिसल्या की कुणीतरी उठायचं, हाताला धरून आत आणायचं, मग तास सुरू. बाहेरचा कुणी बघत असता तर म्हणाला असता, येडे हायत सगळे.

*

आणि गंमत बघा. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत नेमकं हेच यायचं. रोल नंबर घ्या, पूर्ण नाव घ्या, छापा. आणि जी बाई स्वतः एंटर, तीच एंटरला आत घ्यायचं विसरायची!

पहिल्या वर्षी नापास. नावाची जागा कोरी. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, नंबर आला आणि नाव कोरं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले होते, बाई, यात तुमचं नाव कुठंय? घरी वही न बघता ताईंना यायचं, पण परक्या माणसासमोर तीच ओळ निसटायची. एसटी स्टँडवर त्या माझ्याजवळ रडल्या. म्हणाल्या, भाकरी थापायला कुणी परीक्षा घेत न्हाई, तेच बरं हाय माझ्यासाठी. मी नुसता चहा सांगितला.

तिसरं वर्ष शेवटचं. क्लार्क जूनमध्ये जाणार आणि परीक्षा मे महिन्यात. बाकी सगळे विषय ताईंचे सुटलेले, हे एकच राहिलेलं. मीही होतो त्या परीक्षेला, शेजारच्या मशीनवर. माझं का राहिलं होतं ते विचारू नका. स्वल्पविराम.

परीक्षक कडक. लॅबमध्ये चिडीचूप. सर त्यांच्या शेजारी उभे, पण सरांना एक अक्षर बोलायची मुभा नाही. प्रश्न तोच.

ताईंनी लिहिलं, चालवलं. नंबर टाकला, सात. एंटर दाबलं. नाव कोरं.

त्यांनी पुन्हा चालवलं. पुन्हा कोरं. मी तिरक्या डोळ्यांनी बघत होतो. मला दिसत होतं कुठं चुकतंय. इग्नोरची एक ओळ, फक्त एक ओळ! पण बोलणार कसं? ताई नावाचीच ओळ पुसून पुन्हा लिहीत होत्या. परीक्षकांनी घड्याळाकडं बघितलं. दहा मिनिटं राहिली.

तेवढ्यात गायकवाड सर हळूच चालायला लागले. कुणाकडं बघितलं नाही. लॅबच्या बाहेर गेले आणि त्या हिरव्या दरवाज्याच्या उंबऱ्यावर, हात मागं बांधून, तोंड आत करून उभे राहिले.

मेचं ऊन बाहेर आग ओतत होतं. पाच मिनिटं झाली तरी सर तिथंच. परीक्षकांना अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, "सर, उन्हात कशाला? आत या ना."

सर म्हणाले, "कुणी न्यायला आलं तर येईन."

मथुराताईंनी मान वर केली. दाराकडं बघितलं. मग त्यांनी एक ओळ टाइप केली. प्रोग्रॅम चालवला. नंबर सात. आणि प्रोग्रॅम थांबला. नावासाठी थांबला.

ताईंनी नाव टाकलं. स्क्रीनवर आलं.

परीक्षक वाकले. चष्मा वर केला. म्हणाले, प्रश्नात पूर्ण नाव म्हटलंय, इथं नुसतं मथुरा दिसतंय. प्रोग्रॅम पुढचं वाचत नाही का?

"परोग्राम समदं वाचतो, सर," ताई म्हणाल्या. "मी एवढंच टाकलंय."

परीक्षकांनी कोडवरून वरून खाली बोट फिरवलं. मग पेन काढलं आणि सही केली.

ताईंनी सहीकडं बघितलंसुद्धा नाही. त्या उठल्या, पदर सारखा केला, सगळ्या लॅबसमोरून दारापर्यंत गेल्या, आणि सरांच्या हाताला धरून त्यांना आत घेऊन आल्या.