नाही म्हटलं की खुर्ची ओढणारे काका

सिंगापुरात इतकी वर्षं काढली, पण कुणी तोंडावर 'नाही' म्हटलं की ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. म्हणजे टॅम्पिनीसच्या ब्लॉकमध्ये आम्ही सातव्या मजल्यावर आणि हे काका आठव्या. तुम्हाआम्हाला कुणी 'नाही' म्हटलं की आपण मनातल्या मनात त्याचा उद्धार करतो आणि घरी येऊन नवऱ्यावर राग काढतो. काका 'नाही' ऐकलं की आजूबाजूला खुर्ची शोधायचे. मिळाली की ओढून घ्यायचे, ऐसपैस बसायचे आणि नागपुरी ठेक्यात विचारायचे, "काहून नाही, ते तरी सांगा नं." समोरचा चिनी असला तर "व्हाय नॉट, टेल मी नं." तो 'नं' कुठल्याही भाषेत शेवटी यायचाच. इथल्या लोकांना तो त्यांच्या वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'लाह'चा भाऊ वाटत असावा, कारण बहुतेक जण खरंच सांगायला लागायचे.

दिवसभर ते बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत कसल्याशा पातळ थरांवर संशोधन करायचे. ते थर किती पातळ ते मला त्यांनी अनेकदा समजावलं आणि मी अनेकदा मान डोलावली. पण त्यांचा जीव होता तो कायद्यात. भारताची राज्यघटना त्यांना तोंडपाठ होती. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, जिथे म्हणून सगळ्यांना जायची मुभा आहे तिथे धर्म, जात, वंश बघून कुणाला अडवायचं नाही, हे कलम तर ते आमटी ढवळताना गुणगुणायचे. इथलीही घटना वाचून त्यांनी समानतेचं कलम शोधून काढलं होतं, पण ते घरमालकाच्या उंबरठ्याशी येऊन थांबतं, ही त्यांची कायमची तक्रार. "कायदा थांबला नं, की तिथून पुढे खुर्ची," असं ते म्हणायचे, आणि काकू आतून म्हणायच्या, "आणि खुर्चीच्या पुढे मी एकटी, जेवायला वाट बघत."

ते आडनाव सांगायचे नाहीत. कुणालाच नाही. दारावर फक्त घराचा नंबर. बेडोकला एक मराठी बाई घरगुती डबे द्यायच्या. हाताला चव अशी की विचारू नका, पण नवीन गिऱ्हाईक आलं की आधी आडनाव विचारायच्या आणि ते मनाजोगं नसलं तर त्यांचे डबे त्याच क्षणी 'फुल' व्हायचे. काकू माहेरी गेल्या होत्या तेव्हा काका तिथे पोचले. बाईंनी आडनाव विचारलं. काका म्हणाले, "टॅम्पिनीसकर." "मूळचे कुठले हो?" "मेट्रोच्या ईस्ट-वेस्ट लाइनीवरचे." डबे फुल झाले. काकांनी खुर्ची ओढली. समोर मटारच्या शेंगांचा ढीग होता, तो सोलायला घेतला आणि सोलता सोलता म्हणाले, "ताई, तुमच्या देवघरात कोणाला घ्यायचं ते तुम्ही ठरवा, मी ब्र काढणार नाही. पण दारावर 'डबे मिळतील' अशी पाटी लावलीत नं, मग दारात चाळणी घेऊन बसायचं नाही." मटार संपले तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की गेला तासभर हा माणूस आपल्या संधिवातावर उपाय सांगतोय. डबा सुरू झाला. पुढे आडनाव विचारायचंही त्यांनी सोडलं, बहुधा खुर्चीच्या धास्तीने.

रविवारी सकाळी पेपरातल्या भाड्याच्या जाहिरातींत 'नो इंडियन्स' असं छापलेलं दिसलं की काका फोन लावायचे. स्वतःचं घर असताना. "गुड मॉर्निंग, मी इंडियन आहे आणि मला घर नको आहे. मला फक्त कारण हवंय." काहीजण फोन आपटायचे. एका आजोबांशी मात्र त्यांची इतकी गट्टी जमली की दर चिनी नववर्षाला त्यांच्याकडून संत्री यायची.

या सगळ्याला मी पोट धरून हसायची. मग आमच्या घरमालकाने फ्लॅट विकायला काढला आणि माझं हसू आटोपलं. मला सातवा महिना लागला होता. आई व्हिसाच्या घोळात अडकलेली, आमचे हे बँकेत सकाळी जायचे ते रात्री उगवायचे. बाळंतपणाला मला भरवसा होता तो एकट्या काकूंचा, त्यामुळे घर हवं होतं ते इथेच, त्यांच्या हाकेच्या अंतरावर. समोरच्या ब्लॉकमध्ये एक फ्लॅट रिकामा होता. एजंटाला फोन केला तर तो म्हणाला, "ओनर से नो इंडियन, सॉरी आ. कुकिंग स्मेल." मी रडत वर गेले. काकांचा चेहरा खुलला.

घरमालकीण म्हणजे एक सत्तरीची चिनी आंटी, त्याच ब्लॉकमध्ये खालच्या मजल्यावर राहणारी. रविवार गाठून मी, आमचे हे आणि काका, आम्ही तिघं तिच्या दारात उभे. आत लाल देव्हारा, उदबत्त्या, संत्री, आणि मधोमध बुद्धाची मूर्ती. काका चपला काढून सरळ आत गेले, गुडघ्यावर बसले आणि हात जोडून त्यांनी पालीतून त्रिशरण म्हटलं. आंटी बघतच राहिली. "यू इंडियन, हाऊ कॅन बी बुद्धिस्ट?" काका म्हणाले, "आंटी, बुद्धा ऑल्सो इंडियन." हा मुद्दा तिच्या आजवर ध्यानात आला नसावा. तिने एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि निकाल दिला. काकांना घर मिळेल. ही दोघं मात्र कॅनॉट. यांचे देव वेगळे, तेल वेगळं, फोडणी वेगळी.

माझ्या जिवात जीव आला. काकांच्या नावावर घ्यायचं आणि आम्ही राहायचं, एवढंच तर होतं. मी हळूच म्हटलं, "काका, हो म्हणा." आणि हा गृहस्थ म्हणतो, "थँक यू आंटी, पण मी बौद्ध म्हणून देत असाल तर नको." मला इतका राग आला की काय सांगू, सुजलेल्या पायांनी मी तिथून निघाले आणि लिफ्टमध्ये त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. खाली आल्यावर ते म्हणाले, "पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा एक खोली बघायला गेलो होतो. मालकीणबाईंनी चहा दिला, आडनाव विचारलं. मी सांगितलं, आणि त्याच मिनिटाला त्यांची खोली भाड्याने गेली. माझ्या डोळ्यांसमोर, कुणीही न येता. चहा अर्धाच प्यायलो होतो." ते हसले. मला हसू आलं नाही. "तेव्हा ज्याच्यामुळे नाही मिळालं, त्याच्याचमुळे आता घेऊ, आणि तुला मागच्या दाराने आत नेऊ? तू पुढच्या दाराने जायचं, बेटा."

काकूंनी त्यांना जे फैलावर घेतलं ते सातव्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. "तुमचं तत्त्व सांभाळता सांभाळता ती लिफ्टमध्ये बाळंत होईल," हे वाक्य तर अख्ख्या ब्लॉकने ऐकलं. पण शनिवारी काका जाऊन आंटीला जेवायचं आमंत्रण देऊन आले. वास येतो म्हणता नं, मग वास घ्यायला या. मी आणि काकूंनी ठरवलं की साधं वरण-भात-तूप करायचं, हिंगसुद्धा चिमूटभरच. संध्याकाळी वर गेले तर जिन्यातच डोकं भणाणलं. काकांनी सुकट केली होती. वाळवलेल्या कोळंबीचा तो खमंग दर्प, त्यात लसूण, आणि सगळ्या खिडक्या उघड्या. मी जन्माची शाकाहारी, त्यात सातवा महिना. म्हटलं, गेलं घर. "नाटक करून घर घेतलं तर जन्मभर नाटक करावं लागेल," काका कढई हलवत म्हणाले.

आंटी दारात आली, थांबली, नाक वर करून तिने एक लांब श्वास घेतला. "वाह," ती म्हणाली, "हे बी!" तिच्या बोलीत सुकटीला हे बी म्हणतात, आणि तिच्या आईच्या स्वयंपाकघरात रोज हाच वास असायचा, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. काकांनी आपली जेवायची खुर्ची तिला ओढून दिली. ती दोनदा भात घेऊन जेवली. मग माझ्या ताटाकडे पाहून विचारलं, तू का नाही खात? मी म्हटलं, व्हेजिटेरियन. तीही पौर्णिमा-अमावास्येला शाकाहार करायची, आमच्या चतुर्थी-एकादशीसारखा. शेवटी तिने मुद्द्याचा प्रश्न विचारला. "युअर एलिफंट गॉड, ही ईट व्हॉट?" मी घाबरत सांगितलं, मोदक, गोड असतात. आंटीने विचार केला. "स्वीट? देन ओके लाह. माय वन ऑल्सो लाइक स्वीट." असा आमच्या गणपतीचा आणि तिच्या देवांचा तह झाला, आणि आम्हाला घर मिळालं. काकांना तेवढ्याने कुठलं समाधान. "पुढचा भाडेकरू इंडियन आला तर?" आंटी म्हणाली, "सी फर्स्ट लाह." काका माझ्याकडे वळून म्हणाले, "आधी बघू म्हणाली. नाही म्हणाली नाही."

माझी लेक त्या घरात रांगली. सहा वर्षांनी काका निवृत्त होऊन नागपूरला गेले. सामान वाटून टाकताना आंटी आली आणि ती जेवायची खुर्ची उचलून घेऊन गेली. समोरच्या ब्लॉकमधलं त्यांचं घर रिकामं झालं तेव्हा मला कळलं, आठव्या मजल्यावरच्या त्या दिव्याची मला किती सवय झाली होती. रविवारी सकाळी पेपर हातात घेतला की अजून वाटतं, काका कुणाला तरी फोन लावत असतील.

गेल्या वर्षी आम्ही बेडोकला स्वतःचं घर घेतलं आणि आंटीचा फ्लॅट सोडला. किल्ली द्यायला आंटीकडे गेले तर तिच्या दारात एजंट आणि एक तरुण जोडपं उभं होतं. तमिळ असावेत, मुलीच्या केसांत गजरा. एजंट ओशाळून सांगत होता की ओनरला विचारायला हवं. तेवढ्यात आतून काहीतरी फरफटत आणल्याचा आवाज आला. आंटी ती खुर्ची ओढत बाहेर येत होती.

घरी येऊन मी नागपूरला फोन लावला. काकांना आता ऐकू कमी येतं, सगळं दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बसले का ते?"

"बसले, काका."

"मग झालं नं," ते म्हणाले.