तेरा फेरे

पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये सगळे तिला थांबाताई म्हणत. कुणी घाई केली की तिचं उत्तर एकच: "थांबा." मी तिथं फिटर होतो.

मोठ्या नळाचा, म्हणजे आत माणूस मावेल अशा पाइपचा, व्हॉल्व्ह पूर्वी आम्ही हातानं बंद करायचो. चाकाचे बेचाळीस फेरे, दोन माणसं. खांदे भरून यायचे. पुढं मोटार बसली आणि ती चालवणारा प्रोग्रॅम ताईनं लिहिला. नळात माणूस उतरवायचा तर आधी प्रोग्रॅम थांबवायचा, नाहीतर तो ठरल्या वेळी व्हॉल्व्ह उघडणार.

थांबवायचे इशारे दोन. पंधरा नंबरचा म्हणजे आवर आणि थांब. तो आला की ताईचा प्रोग्रॅम आधी एवढंच टिपून ठेवायचा, की थांबायचंय. हातातला फेरा पुरा करायचा, मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा, नोंद लिहायचा आणि स्वतः थांबायचा. नऊ नंबरचा इशारा प्रोग्रॅमला पकडता येत नाही. तो जागच्या जागी संपतो आणि व्हॉल्व्ह असेल तिथं राहतो.

त्या दिवशी माझा धाकटा भाऊ नळात शिरून सांधा भरणार होता. पंप बंद, नळ कोरडा. अर्ध्या तासात पलीकडच्या वस्तीसाठी पंप सुरू होणार. प्रोग्रॅम बंद झाला की मी फोनवर "उतर" म्हणायचं, एवढंच ठरलेलं. व्हॉल्व्ह हातानं तपासायची सवय मोटारीनं घालवली होती.

ताईनं पंधरा नंबर दिला. स्क्रीन गप्प.

"अडकलाय तो," साहेब म्हणाले. "द्या नऊ."

"थांबा. नोंदीत फेरे लिहितोय अजून. हे बघा."

साहेबांनी पाहिलं नाही. फोनवर भाऊ ओरडत होता, "दादा, शिडीवर मुळं फुटली मला!"

"ताई, संपवा की एकदाचं," मी म्हणालो.

तिनं कीबोर्डवर हात आडवा ठेवला. "मिस्त्री, भाऊ तुमचा आहे ना?"

सहा मिनिटांनी प्रोग्रॅम बंद झाला. भाऊ उतरला. बंद व्हॉल्व्हच्या पलीकडून पंपाचं पाणी वस्तीकडं गेलं, त्याला थेंब लागला नाही. सांधा भरून वर आला आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी ताईच्या नावानं मेमो निघाला: आदेश डावलून सहा मिनिटं उशीर. साक्षीदार म्हणून मी सही केली. सहा मिनिटं खरीच होती.

जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या टेबलाशी गेलो. प्रोग्रॅमची नोंद दाखवा म्हणालो. साहेब नऊ म्हणाले तेव्हा बेचाळीसपैकी एकोणतीस फेरे झाले होते. आदल्या दिवशी हे पाहायला दोन पावलं चालायचं होतं. तेवढेही कष्ट मी घेतले नव्हते.

"ताई, मी सही केली."

"खोटं कुठं लिहिलंय त्यात?" ती म्हणाली आणि कामाला लागली.

मी ऑफिसात जाऊन मेमो परत मागितला. कारकून म्हणाला, "सही खोडता येत नाही."

"खोडत नाही," मी म्हणालो. सहीखाली लिहिलं: तेरा फेरे बाकी होते. आत माझा भाऊ जाणार होता. 'संपवा' मीही म्हणालो होतो.