वीतभर पाणी

शिरळी नदीच्या काठावर कुणालाही विचारा, नाथाजी हवालदार गुरुवारी सकाळी गळ्यात हलगी अडकवून आधी कुणाच्या दारात जातो? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण देताना माणसं खाली बघतात. लोकांचं असंच असतं. चूक एकाची नसली की ती कुणाचीच नसते.

नाथाजी फौजेतून सुटून आला तो डाव्या पायात लंगड घेऊन. वाटणीला उसाचा मळा आला होता, गावापासून अर्ध्या कोसावर, अगदी नदीला लागून. मळ्यावर दोनच माणसं, नाथाजी आणि त्याची बायको सुलाबाई. मूलबाळ नव्हतं. नदीवर धरण झालं तेव्हा मासेखात्यानं धरणाखालच्या पाण्यावर राखणदार नेमला, आणि हे काम नाथाजीनं मागून घेतलं. डोहात सुरुंग लावू द्यायचा नाही, काठीनं पाणी मोजायचं आणि खडस माशांवर नजर ठेवायची. पितळी खवल्यांचा, हात-दीड हात लांबीचा हा मासा म्हणजे या नदीची शान होती.

पावसाचं पाणी ओसरू लागलं की खडस डोहातून वर यायचे आणि उथळ पाण्यात, रेवेतल्या गोट्यांच्या फटीत अंडी घालायचे. धरण झाल्यावर नदीचं पाणी गेटवाल्याच्या हातात गेलं. त्यातून गुरुवारचा बाजार. पलीकडच्या वाड्यांना उतारावरून पायी नदी ओलांडता यावी म्हणून त्या दिवशी सकाळी गेट बंद व्हायचं ते दिवेलागणीला उघडायचं. हा हक्क गावानं धरणाच्या साहेबांशी भांडून मिळवला होता. माणसं कोरड्या पायांनी बाजार करायची, आणि वरच्या अंगाला रेव उघडी पडून भाजायची. अंडी फुटायला चार दिवस लागतात, पिल्लांना गोट्यांतून बाहेर पडायला पुढं आठ-दहा. एवढ्यात गुरुवार आल्याशिवाय राहतो होय? सलग चार वर्षं नाथाजीनं वाळलेली अंडी ओंजळीत घेतली. डोहात आता सगळे म्हातारे मासे उरले होते. बोटाएवढं पिल्लू औषधालासुद्धा दिसत नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या आश्विनात, एका मंगळवारी, खडस पुन्हा रेवेवर चढले. नाथाजीनं काठावरच्या राखणीच्या झोपडीतच मुक्काम ठोकला. या खेपेला अंडी गेली तर पुढच्या साली अंडी घालायला कोण उरणार, ही धास्ती त्याला जेवू देत नव्हती.

बुधवारी दुपारी सुलाबाई भाकरी घेऊन आली. तिची वाट ठरलेली. मळ्यातून थेट नदीत उतरायचं आणि सात दगडांवरून रेवेवर यायचं. त्या वाटेनं दुसरं कुणीच जात-येत नसे.

“काय म्हनत्यात माज्या सवती?” तिनं फडक्याची गाठ सोडत विचारलं. माशांना ती सवतीच म्हणायची.

“आल्यात, सुला. लय आल्यात. पिवळी धमक अंडी हायती.”

“चार वर्सं नुसतं ऐकतीया. मला कवा दावनार?”

“आता न्हाई. पाण्यात पाय घातला की गाळ उठतोय. उद्या पानी उतारलं की ये, दावतो.”

सुलाबाई हसली नाही. “आवं, पानी उतारलं की मरत्यात म्हनता न्हवं? मग मला काय मढी दावनार व्हय?”

हे त्याच्या जिव्हारी लागलं. फौजेत शिकलेला माणूस, हातावर हात ठेवून चार वर्षं मढी मोजत बसला होता. ती गेल्यावर तो तसाच उठला आणि लंगडत कोसभर चालून धरणावर गेला.

गेटवर अनंतराव होते, सांगलीचे. माणूस सरळ, पण मोजूनमापून बोलणारा. नाथाजीनं हात जोडले. “सकाळी बंद ठेवा, लोकं जाऊंद्यात बाजारला. पर दुपारी बाराला वीतभर पानी सोडा. रेव भिजली तरी बास.”

“हवालदार, वीतभर सोडायचं तर आधी गेट हातभर उचलावं लागतं,” अनंतराव म्हणाले. “जाम झालंय ते. पहिला लोंढा मोठा येईल, निदान पाव तास. मग मी खाली घेईन. आणि भोंगा महिनाभर बंद आहे. पात्रात माणूस नसेल याची हमी कोण देणार?”

“म्या देतो.”

“एकही माणूस?”

“एकबी न्हाई.”

अनंतरावांनी चष्मा पुसला आणि होकाराची मान डोलावली. त्यांच्या मनात नव्हतं हे त्यांनी पुढं पोलिसांना सांगितलं, आणि ते खरंच असणार.

परतताना नाथाजी गावात शिरला आणि कोतवाल गुंडाला गाठलं. दुपारी बारा ते एक नदीत कुणी पाय घालायचा नाही, अशी दवंडी द्यायला सांगितली. गुंडानं दिवे लागता लागता गावात आणि पलीकडच्या वाड्यांवर हलगी वाजवली. एक आळी सोडली नाही. वस्तीवरच्या बहिऱ्या तात्याबाच्या कानाशी जाऊन ओरडला. फक्त नाथाजीच्या मळ्यावर गेला नाही. एका घरासाठी अर्धा कोस कोण तुडवणार? आणि ज्यानं दवंडी द्यायला लावली त्याच्याच घरी काय सांगायचं? नाथाजीला वाटलं, दवंडी सगळीकडं गेली म्हणजे मळ्यावरही गेली. तो परस्पर अंड्यांकडं गेला. दोघांचंही चुकलं असं म्हणवत नाही, आणि तरी मन मानत नाही.

गुरुवार उजाडला. गेट बंद झालं, पाणी हळूहळू खाली गेलं. माणसं डोक्यावर पाट्या घेऊन उतारातून बाजारला गेली. नाथाजीनं रेवेवर एक फेरी मारली. गोटे अजून ओले होते. पण कडेच्या उथळ पाण्यातसुद्धा मासे नव्हते. एरवी पाणी चढायच्या आधी ते असे डोहात तळाला जायचे. ‘ह्यांना आधीच कळलं,’ तो मनाशी म्हणाला.

अकराला तो वळणाखालच्या उतारावर, जिथून रेव दिसत नाही, जाऊन काठी आडवी धरून उभा राहिला. पलीकडच्या काठावर लालासाहेबाला उभं केलं. हा त्याचा फौजेतला सोबती. नाथाजीनं एक बैलगाडी परतवली. रंगूबाई नावाची म्हातारी पाण्याला निघाली होती, तिला हाताला धरून वर आणलं. ती शिव्या देत राहिली.

“गड्या, तिकडं कोन न्हाई न्हवं?” त्यानं ओरडून विचारलं.

“चिटपाखरू न्हाई!” लालासाहेब ओरडला.

बारा वाजून गेले. नदीत आवाज नव्हता. बगळेसुद्धा उठून गेले होते. काठावर जमलेले लोक कुजबुजू लागले, हवालदाराचं डोकं फिरलंय. तेवढ्यात वळणाआडून घरघर ऐकू आली, जात्यासारखी, आणि माती-फेसाचा लोंढा वळसा घेऊन समोर आला. उताराचे दगड बघता बघता बुडाले. लोक मागं सरले. रंगूबाईनं कानाला हात लावले. “हवालदार, जीव वाचीवलास रं बाबा!”

नाथाजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चार वर्षांत पहिल्यांदा पाणी त्याच्या शब्दानं आलं होतं. रेव भिजली असणार. आता सुलाला जिती अंडी दाखवायची.

आणि तिथंच त्याला आठवलं, आपण तिला पाणी उतरल्यावर ये म्हणालो होतो.

फेसात एक वेताची दुरडी गिरक्या घेत आली. तिच्यामागं लाल चौकड्यांचं फडकं, गाठ तशीच बांधलेली.

नाथाजीनं काठी टाकली आणि पाण्यात उडी घेतली. चौघांनी मिळून त्याला ओढून काढलं. तो एकच विचारत होता, “मळ्यावर दवंडी दिलीस न्हवं गुंडा? दिलीस न्हवं?” गुंडा तोंडात पदर कोंबलेल्या बायांच्या मागं जाऊन उभा राहिला.

सुलाबाई खालच्या बंधाऱ्याला सापडली. उजव्या हाताची मूठ वळलेली होती. उघडली तर आत रेव, आणि रेवेत दोन पिवळी अंडी. ती बघायला वाकली असताना लोंढा आला असणार.

सोमवारी गोट्यांत पिल्लं हलू लागली. महिन्याभरानं खात्याचा साहेब आला, त्यानं शेकडो मोजली, खूश होऊन वहीत लिहिलं. नाथाजी शेजारी उभा होता. त्यानं मोजली नाहीत.

नोकरी त्यानं सोडली नाही. बाजाराच्या दुपारचं वीतभर पाणी पुढं कायम झालं. दुरुस्त गेट, वाजता भोंगा, सगळं झालं. तरी त्यानं गुंडाकडून हलगी मागून घेतली. हवालदारानं हलगी वाजवावी म्हणून भावकीनं नाकं मुरडली, मग गप्प बसली.

दर गुरुवारी उजाडता उजाडता तो मळ्यावरून निघतो. पण निघायच्या आधी आपल्याच दारासमोर, कुलपाकडं तोंड करून, हलगी वाजवतो.

“ऐक गं सुला. बाराला पानी सुटनार हाय. आज नदीत येऊ नगंस.”

मग तो गावाकडं चालू लागतो.