फोन लागेना म्हणून

आमच्या गावात टॉवर यावा म्हणून सगळ्यात जास्त चपला मी झिजवल्या, हे गावात कुणीही सांगेल. वर एवढंही जोडेल की बाईंचं तोंड फार चालतं, समोरचा साहेब कंटाळून सही करतो. ते खरं आहे. माझी अख्खी नोकरी अंगणवाडीत गेली. लहान पोरांना आणि मोठ्या साहेबांना एकच गोष्ट दहादा सांगावी लागते, एवढं मी त्यातून शिकले.

मार्गासनीवरून वेल्ह्याकडं जाणारा रस्ता सोडून आत वळलं की डोंगराच्या कुशीत आमचं गाव. कुशीत म्हटलं की ऐकायला बरं वाटतं, पण याच डोंगरानं आमचे मोबाईल वर्षानुवर्षं मुके ठेवले होते. रेंज मिळायची ती गावावरच्या टेकाडावर, तीही एका हिरड्याच्या झाडापाशीच. चढ चांगलाच दमवणारा, रोज सगळ्यांना जमायचं नाही. म्हणून गावानं आपली एक रीत पाडली होती. संध्याकाळी जो वर जाणार असेल त्यानं घरोघरचे मोबाईल एका पिशवीत गोळा करून न्यायचे. हिरड्याखाली पोचलं की पिशवीतले फोन एकामागून एक वाजायला लागत, दिवसभराचे मेसेज येऊन पडत. कुणाचा फोन आलाच तर उचलून निरोप घ्यायचा, खाली उतरून ज्याचा त्याला फोन आणि निरोप द्यायचा. कुणाची सून रुसली, कुणाच्या पोराला नोकरी लागली, सगळं आधी पिशवीवाल्याला कळायचं. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

नवरा गेल्यावर पिशवीचं काम हळूहळू माझ्याकडंच आलं. मुलगा पुण्यात, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. घरात मी एकटी. फोन घ्यायला दारोदार जायचं, परत द्यायला पुन्हा जायचं, एखाद्या घरी चहा, एखाद्या घरी चहाडी. रिकाम्या घराचं कुलूप काढायला त्यामुळं उशीर व्हायचा, आणि मला तेच हवं असायचं.

मग साथ आली. सगळं बंद झालं आणि मुलगा घरी आला. तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. काम घरून करायचं, पण घरात रेंज नाही. मग तो रोज सकाळी हिरड्याखाली जाऊन बसायचा. पावसाळ्यात डोक्यावर इरलं, मांडीवर लॅपटॉप, आणि साहेबाशी इंग्रजीत बोलणं चालू. मधेच शेजारची म्हैस रेकायची. दुपारी मी भाकरी-कालवण घेऊन वर जायची. दोघं दगडावर बसून जेवायचो. तो हात न धुता लॅपटॉपला लावायचा आणि मी ओरडायची. जगावर एवढं संकट होतं आणि मी सुखात होते. असं बोलू नये, पण तेच खरं आहे.

टेकाडावरून किती दिवस नोकरी होणार? पाऊस वाढला, रेंज मधेच तुटायची, साहेब चिडायला लागला. शेवटी तो पुण्याला परत निघाला. गाडीला किक मारता मारता म्हणाला, "आई, हितं घरात रेंज असती ना, तर मी गेलोच नसतो."

निघताना माणूस काहीतरी बोलतोच. पाहुणा जाताना 'या आमच्याकडं' म्हणतो म्हणून लगेच कुणी कपडे भरायला घेत नाही. एवढी अक्कल मला आहे. पण हे वाक्य मी तसं ऐकलं नाही. ते मी पदरात बांधून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात ग्रामसभेत उभी राहिले आणि टॉवरचा विषय काढला. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात; आमचं सहा महिन्यांत कुठलं भागायला. वेल्ह्याला तहसील, भोरला प्रांत, पुण्याला कलेक्टर कचेरी, सगळे जिने चढून झाले. कधी म्हणायचे वस्ती कमी आहे, कधी म्हणायचे जागेचा घोळ आहे, कधी म्हणायचे मागच्या वेळी दिला होता तोच अर्ज परत द्या. मी पोरांच्या शाळेचं सांगायची, ॲम्ब्युलन्सचं सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. पण माझ्या पोटात एकच गोष्ट होती, टॉवर आला की माझा मुलगा घरी येणार.

त्या काळात तो दोन-तीन आठवड्यांनी गाडीवरून येऊन जायचा. मी म्हणायची, कशाला एवढा हेलपाटा. तो म्हणायचा, "फोन लागत नाही तुझा, मग बघून जातो." त्याचं लग्न झालं, सून आली, तरी ते येणं चालू होतं.

इकडं मी मागची पडवी बंद करून त्याची खोली केली. खिडकी मोठी ठेवली, टेबल करून घेतलं. वायरमन म्हणाला, "बाई, येवढं प्लग कशापाई? गिरनी टाकताय व्हय?" मी म्हटलं, "तू आपलं काम कर, लई विचारू नकोस."

टॉवर आला. ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशी मी चुलीपुढं बसून मुलाला फोन लावला. त्यानं विचारलं, "टेकाडावर गेलीस का?" मी म्हटलं, "चुलीपुढं बसलेय." तो हसला, त्याला खरंच आनंद झाला. म्हणाला, "झकास, आता रोज बोलता येईल." मी म्हटलं, "खोली तयार आहे तुझी." तो म्हणाला, "आता कंपनी रोज बोलावते गं. आणि हिची पण नोकरी आहे इकडं. बघू."

आमच्याकडं नाही म्हणायची लाज वाटली की बघू म्हणतात. त्याची काही चूक नव्हती. त्यानं वचन दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं.

रोज बोलायचं मात्र त्यानं खरं केलं. संध्याकाळी व्हिडिओ कॉल. त्याचं अर्धं तोंड आणि वर फिरणारा पंखा मला दिसायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, सूनबाई मागून हात हलवायची, झालं. येणं लांबत गेलं. आधी महिना झाला, मग सणाला, मग सणालाही सुट्टी मिळेना. एकदा मी म्हटलं, बरेच दिवसांत आला नाहीस. तो म्हणाला, "दिसतेस की गं रोज."

पिशवीची गरज कुणाला उरली नाही. संध्याकाळी जो तो आपापल्या घरात फोन कानाला लावून. मी सवयीनं कुणाच्या दारात गेले तर ते बोलता बोलता हातानं बसा म्हणून खुणावायचे. मी बसायची, थोडं बघायची आणि उठून यायची. टेकाडाची वाट गवतानं बुजली. मला फार एकटं वाटायचं आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

मागच्या आषाढात तार तुटून लाईट गेली. टॉवरची बॅटरी संपली आणि रेंज गेली. दोन-तीन दिवस गाव पूर्वीसारखं मुकं झालं. एका दुपारी दारात गाडी थांबली. मुलगा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावरून पाणी निथळतंय, चेहरा उतरलेला. मला धडधाकट बघून तो उंबऱ्यातच खाली बसला. "फोन लागेना म्हणून आलो," म्हणाला, "काय काय मनात आलं माझ्या."

तो चुलीपाशी शेकत बसला. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पोटभर जेवला. मागच्या खोलीत गळत होतं, तिथली कौलं त्यानं सारखी केली. दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत झोपला आणि मी उगाच दोनदा जाऊन बघून आले. जेवायला बसलो आणि खुंटीवरच्या शर्टात त्याचा फोन वाजला. रेंज आली होती. ताटातलं संपवून तो निघाला.

त्यानंतर मला एक खोड लागली. आभाळ भरून आलं की मी मोबाईलवरच्या रेंजच्या काड्या बघत बसायची. एक काडी कमी झाली की जीव हरखायचा. टॉवरसाठी जिने चढणारी बाई आता टॉवर बंद पडायची वाट बघत होती.

एवढ्यात गावातली माणसं माझ्याकडं आली. पुढं होती शेजारीण. तिची सून दिवसांत होती. लाईट गेली त्या दिवसांत सुनेच्या पोटात दुखायला लागलं होतं आणि टेकाडाची वाट बुजलेली, म्हणून ॲम्ब्युलन्सला फोन करायला तिच्या दिराला भर पावसात मार्गासनीपर्यंत गाडी मारावी लागली होती. कळा खऱ्या नव्हत्या म्हणून निभावलं. शेजारीण म्हणाली, "बाई, टावरला दांडगी बॅटरी न्हाईतर जनरेटर बसवाया सांगू. तुमी चला म्होरं."

मी म्हटलं, गुडघा दुखतोय. जन्मात पहिल्यांदा असल्या कामाला मी नाही म्हणत होते. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. "तुमच्याबिगर सायेब आयकत न्हाई," शेजारीण म्हणाली. मी गुडघा चोळत बसले, ते गेले.

संध्याकाळी ती सून आली. माझ्याच अंगणवाडीत वाढलेली पोर, गावातच दिलेली. कमरेवर हात ठेवून सावकाश पायरीवर बसली. फोनचं, टॉवरचं काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मला लई भ्या वाटतं." मी तिला चहा दिला आणि सांगितलं, उद्या पहिल्या एसटीनं जाते.

एसटीत शेजारीण माझ्या बाजूला बसली होती. वेल्हे जवळ आलं आणि मुलाचा फोन आला.

"कुठं निघालीस सकाळी सकाळी?"

"वेल्ह्याला. टॉवरला मोठी बॅटरी बसवा म्हणून सांगायला. लाईट गेली तरी फोन बंद पडायला नको."

"हे फार बरं केलंस, आई. त्या दिवशी केवढी धावपळ झाली माझी. सगळं टाकून यावं लागलं."

"आता नाही यावं लागणार," मी म्हटलं. आवाज इतका स्वच्छ येत होता की त्यानं सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला.