मानपत्रं शिवणारा धोंडिबा

धोंडिबा गेल्याचं मला शाळेत कळलं. दुपारचा चित्रकलेचा तास होता. फळ्यावर तांब्या काढून देऊन मी मुलांच्या रांगांमधून फिरत होतो, तेवढ्यात त्याच्या आळीतले शिंपी खिडकीशी येऊन उभे राहिले. "मास्तर, बायंडर गेला," ते म्हणाले. "सकाळी च्या घेतला, टेबलावर डोकं टेकलं. वैनीला वाटलं डोळा लागला..." मी मान हलवली आणि घंटा होईपर्यंत मुलांच्या तांब्यांच्या कडा दुरुस्त करत राहिलो. आता त्याची लाज वाटते. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला मला रडू आलं नाही, थकवा आला. या लढाईच्या वर्षांत माणसं जातात, वस्तू मिळेनाशा होतात, आणि आपण फक्त 'बरं' म्हणत राहतो, तसं काहीसं झालं. त्याच्याकडे जाऊन मला महिना होऊन गेला होता. कारण काहीच नव्हतं. कंटाळा केला, एवढंच.

भोरात त्याला सगळे 'बायंडर' म्हणत. बाजारापासून नदीकडे उतरणाऱ्या बोळात त्याची एक खोली होती. पुढे टेबल, मागे संसार. कचेरीच्या वह्या, शाळेची फाटकी पुस्तकं, देवळातल्या पोथ्या, असं सगळं तो शिवायचा. पण त्याचं नाव झालं ते हाताने घडवलेल्या खास पुस्तकांसाठी. कुणा साहेबाची बदली झाली, कुणा मामलेदाराचा सत्कार ठरला, कुणा सावकाराच्या घरी लग्नाचे फोटो लावायचे असले, की लोक त्याच्याकडे यायचे. तो माप घ्यायचा, कातडं निवडायचा, खळ शिजवताना त्यात मोरचूद टाकायचा म्हणजे कसर लागत नाही, आणि पंधरा दिवसांनी असं काही हातात द्यायचा की घेणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

माझी त्याची ओळख झाली ती माझ्या चित्रांमुळे. मुंबईच्या एका प्रदर्शनाला मी डोंगरांची आठ चित्रं पाठवली होती आणि ती मोडून, घड्या पडून परत आली होती. ती मी त्याच्या टेबलावर पसरली. त्याने एकेक चित्र उचलून उजेडाकडे धरलं. "ह्यो तोरणा न्हवं?" त्याने विचारलं. "वेल्ह्याकडनं बगितल्यावर असाच दिसतोय." मग चित्रांबद्दल आणखी काहीही न बोलता त्याने कागदावर माप टिपलं. आठवड्याने त्याने मला चारी बाजूंनी पाखं मिटणारा, फितीने बांधायचा एक पोर्टफोलिओ दिला. त्या पाखांना तो 'कवाडं' म्हणायचा. पुढे तीच चित्रं त्यातूनच मुंबईला गेली आणि बक्षीस न मिळवता, पण एकही घडी न पडता परत आली. त्या दिवसापासून मानपत्रांची अक्षरं मी लिहायची आणि पुस्तक त्याने घडवायचं, अशी आमची जोडी जमली. कामं पुढे बदलली, पण जोडी चौदा वर्षं टिकली. मी त्याला 'अरे' म्हणायचो, तो मला 'अहो'. वयाने आम्ही बरोबरीचे होतो, तरी हे बदलावं असं मला कधी सुचलं नाही...

मानपत्रं लिहून लिहून माझी बोटं आंबली होती. 'आपली न्यायप्रियता, आपला मनमिळाऊ स्वभाव, आपल्या वियोगाने व्याकूळ झालेले आम्ही...' साहेब बदलायचे, मजकूर तोच. धोंडिबाला वाचता जेमतेम यायचं, पण एकदा खळ लावता लावता तो थांबला आणि म्हणाला, "मास्तर, मागल्या सायबाला बी ह्योच मजकूर व्हता न्हवं?" मी हो म्हटलं. "मग त्याचंच पान काडून लावलं असतं की, तुमची शाई वाचली असती." आम्ही दोघं इतके हसलो की मागून वहिनी पुढे आल्या.

तो मूळचा वेळवंडी नदीच्या काठचा. भाटघरला नवं धरण बांधलं तेव्हा त्याचं गाव पाण्याखाली गेलं. त्या धरणाच्या कामावर त्याने स्वतः दगड वाहिले होते. ज्या भिंतीने आपलं घर बुडवलं तिच्यात आपलेही दगड आहेत, हे तो कुणाला सांगायचा नाही. मला वहिनींनी सांगितलं. गाव उठल्यावर तो पुण्याला गेला, एका बायंडिंगच्या कारखान्यात चार वर्षं राबला आणि विद्या घेऊन भोरला परतला. त्याच्या गावची बाकीची सतरा घरं मात्र वेल्ह्याच्या बाजूला डोंगराच्या उतारावर नेऊन बसवली होती. काळ्या मातीत भात पिकवणारी ती माणसं मुरमाड वरकसावर नाचणी लावत होती. खालच्या अंगाची जमीन देऊ असं त्यांना सांगितलं होतं, ती मिळाली नव्हती. अर्ज करून करून ती दमली होती.

एका बाजाराच्या दिवशी त्यांच्यातले वडीलधारे गणूआबा धोंडिबाकडे आले. मी तिथेच एका मानपत्राचं शेवटचं पान लिहीत बसलो होतो. आबांनी टेबलावरचं ते पुस्तक बराच वेळ पाहिलं, हात न लावता. मग म्हणाले, "धोंडिबा, आपला अर्ज असा बांदला तर?"

"आबा, ह्ये मानाचं पुस्तक हाय."

"म्हून तर म्हनतो. सादा कागद सायेब बगत न्हाई. कारकून घेतो अन् ठिवून देतो. ह्ये असलं काय दिलं तर सायेब हातात तरी धरील. हातात धरलं म्हंजी वाचील."

धोंडिबा माझ्याकडे पाहू लागला. मला ते पटलं. आज लिहितो की मलाच ते जास्त पटलं. "करू या," मी म्हणालो.

दोन महिने आम्ही दुसरं काही केलं नाही. एका घराला एक पान. कुणाची किती जमीन बुडाली, विहीर होती का, आंबे किती, फणस किती, बांधाला काय होतं. माणसं येऊन सांगायची आणि अंगठा उठवून जायची. जे ती विसरायची ते धोंडिबा आठवून सांगायचा. "तुमच्या पडवीम्होरं चिच व्हती, तात्या. लिवा मास्तर, चिच." अठरावं पान त्याचं स्वतःचं होतं. ते सांगताना तो उठून दारात जाऊन उभा राहिला आणि पाठमोराच बोलत राहिला. कातडं त्याने एका धनगराकडून निवडून आणलं, बकऱ्याचं, आणि ते गर्द हिरवं रंगवलं. आतून रेशमी अस्तर लावलं. मी आयुष्यात लिहिलेली सगळ्यात चांगली अक्षरं त्या पुस्तकात आहेत.

जमिनीचं काम पाहणारा एक मोठा साहेब धरणाजवळच्या बंगल्यावर उतरला होता. आबा, धोंडिबा, मी आणि गावची आठ-दहा माणसं गेलो. साहेबाने पुस्तक खरोखरच हातात धरलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. साहेबाने पुस्तकाची पाठ निरखून पाहिली, शिवणीवर नख ओढून पाहिलं, कातडं नाकाशी नेलं. हे कुणी केलं म्हणून विचारलं. धोंडिबा पुढे झाला. साहेबाने त्याच्याशी हस्तांदोलन केलं, आपल्या शिकारीच्या फोटोंसाठी असाच एक अल्बम हवा असं दुभाष्यामार्फत सांगितलं आणि पुस्तक शेजारच्या तिपाईवर ठेवून दिलं. दोन पानं उलटली होती, पहिलं आणि शेवटचं.

चार महिने वाट पाहून मी आणि धोंडिबा कचेरीत गेलो. कारकुनाने आवकची वही चाळली. असा अर्ज आलेलाच नाही, म्हणाला. मी हिरव्या पुस्तकाची खूण सांगितली. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटली. "ते होय? ते नजराण्यात धरलं. साहेब जाताना घेऊन गेले, फार आवडलं होतं त्यांना." मी म्हणालो, अहो, त्यात अर्ज होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "मास्तर, नजराण्याला आवक नंबर पडत नाही."

परत येताना धोंडिबा पुलावर थांबला. "म्या लई चांगलं केलं," तो म्हणाला, "तितंच चुकलं." मी काही समजुतीचं बोलायला लागलो तर त्याने हाताने गप्प केलं. गावच्या कुणीही त्याला दोष दिला नाही. गणूआबा उलट म्हणाले, "सायबानं हात तरी मिळवला रं तुझ्यासंगं." त्याला तेच जास्त लागलं असावं. साहेबाचा अल्बम त्याने केला नाही. पुढे सहा-सात महिने त्याने कचेरीच्या वह्यांपलीकडे कशाला हात लावला नाही. मानपत्राचं काम घेऊन येणाऱ्यांना तर तो पुढेही कायम सरळ सांगायचा, कातडं मिळत न्हाई.

मग एका सकाळी तो शाळेत आला. बाहेर उभा राहून म्हणाला, "मास्तर, पुन्यांदा लिवायचं. साद्या कागदावर. येकेका घराचा येगळा." अठरा अर्ज मी लिहिले. या वेळी अक्षर काढलं नाही, नुसतं लिहिलं. धोंडिबाने प्रत्येक अर्जाला कोपऱ्यात दाभणाने भोक पाडलं आणि सुतळी ओवून गाठ मारली. त्याच्यासारख्या कारागिराने ती गाठ कशी मारली असेल, ते त्यालाच माहीत. तो एकेका माणसाला घेऊन कचेरीत जाऊ लागला. वेल्ह्याहून माणूस चालत यायचा, रात्र धोंडिबाच्या खोलीत काढायचा, सकाळी दोघं कचेरीच्या पायरीवर. आवक नंबर आपल्या डोळ्यांदेखत पडल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही. कारकून रागावला, त्याने हाकललं, तरी धोंडिबा उद्या हजर. त्या फेऱ्यांत त्याचा दमा सुरू झाला. मी म्हणायचो, अरे, जरा बस. तो म्हणायचा, "बसून लई केलं, मास्तर."

तीन वर्षांनी सात घरांना खालच्या अंगाला, पाण्याजवळ जमीन मिळाली. अठरांतली सात. गणूआबांचं घर त्यात नव्हतं आणि आबाही तोवर राहिले नव्हते. धोंडिबाचं पानही त्यात नव्हतं. मी त्याला विचारलं, वाईट वाटतं का? "सातांच्या शेतावर जाऊन आलो," तो म्हणाला. "भात चांगला हाय." एवढंच. आनंद झाला होता का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. आम्ही दोघंही तेव्हा फार दमलो होतो.

लढाई सुरू झाली आणि पुठ्ठा मिळेना, मग कापड मिळेना. जुन्या चोपड्यांचे पुठ्ठे सोडवून तो नव्या कामाला लावायचा. श्वास लागायचा, मध्येच सुई खाली ठेवायचा. मी जायचो, बसायचो, बोलायला काही नसायचं. मग माझं जाणंही विरळ झालं... ते मी वर लिहिलंच आहे.

त्याचे दिवस झाल्यावर मी त्याच्या खोलीवर गेलो. वहिनी टेबलापाशी बसल्या होत्या. शेजारी फडक्यात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं. गावातल्या दवाखान्यातल्या नर्सबाई निवृत्त होणार होत्या. आजूबाजूच्या डोंगरांत पावसापाण्याचं जाऊन त्यांनी कित्येकींची बाळंतपणं केली होती, आणि त्या बायकांनी आपापली नावं घालून, अंगठे उठवून त्यांना पुस्तक द्यायचं ठरवलं होतं. पुस्तक त्याने पुरं करून ठेवलं होतं. साधं तांबडं कापड, आत कोरी पानं; नावं अजून लिहायची होती. कित्येक वर्षांनी त्याने मानाचं काम घेतलं होतं. मी विचारलं, हे कसं घेतलं? वहिनी म्हणाल्या, "म्हनले, ह्या बाईला वाचायचं काय न्हाईच. तिला समदं ठावं हाय."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात सत्काराचं पाहणारे वकील पुस्तक न्यायला आले. भला माणूस, दोन शब्द सांत्वनाचे बोलले. मग त्यांनी फडकं सोडलं, पुस्तक हातात घेतलं आणि मधोमध उघडायला गेले.

"असं न्हाई, सायेब," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी ते त्यांच्या हातातून काढूनच घेतलं. वकील चकित झाले. वहिनींनी पुस्तक टेबलावर पाठीवर उभं केलं. आधी एक पुठ्ठा अलगद निजवला, मग दुसरा. मग पुढची चार-पाच पानं खाली घेऊन शिवणीवरून अंगठा फिरवला, मग मागची चार-पाच. पुन्हा पुढची. पुन्हा मागची.

"तुम्हाला लिहिता-वाचता येतं का बाई?" वकिलांनी हळूच विचारलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "नवं पुस्तक असं उगडायचं असतं. एकदम उगडलं की पाठ मोडती."

वकील टोपी काढून खाली बसले. घाई आम्हा दोघांनाही नव्हती. दोन्हीकडची पानं मध्यावर येऊन मिळेपर्यंत आम्ही त्यांचे हात पाहत राहिलो. मग त्यांनी सगळी पानं परत फिरवली, पहिलं पान वर आणलं, तळव्याने सारखं केलं आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"आता लिवा, मास्तर," त्या म्हणाल्या.