माझे गुरुवार काकूंकडे

दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की लोक आधी चपला काढतात. काकू आधी झाकणं काढायच्या. दार उघडलं की माझ्याकडे न बघता थेट ओट्यापाशी. कुकर, कढई, फ्रीजमधले डबे, जे हाताला लागेल त्याचं झाकण वर करायचं, वास घ्यायचा आणि मग वळून विचारायचं, "यातलं किती खाल्लंस?" कशी आहेस, नवरा कुठे गेलाय, हे सगळं त्यानंतर. बरेचदा ते राहूनच जायचं.

तुमच्याही माहितीत अशी एखादी बाई असेल. नसेल तर तुम्ही सुखात आहात, एवढंच म्हणते.

काकू आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाच्या आई. दोन हजार चार साली मे महिन्यात नागपूरहून इथे अमेरिकेत, नोव्हायला आल्या, सहा महिन्यांसाठी. नागपुरात एका सरकारी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं आहारतज्ज्ञ होत्या. शंभर-शंभर रोग्यांचं पथ्य सांभाळलेल्या बाईला इथे काम काय, तर सूनबाई ऑफिसला गेल्यावर पाच वर्षांच्या नातवाला सफरचंद कापून देणं. तोही "नो थँक्स, आज्जी" म्हणून पळून जायचा. एवढा सगळा रिकामा उत्साह कुणाच्या तरी डोक्यावर कोसळणारच होता, आणि नेमकी मी सापडले.

सापडले ती एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला. माझ्या प्लेटमध्ये भाताचा ढीग होता आणि पर्समधून साखरेची गोळी काढून मी ती पाण्याबरोबर घेत होते. कुणाचं लक्ष नव्हतं. काकूंचं होतं.

"डायबेटिस केव्हापासून?" त्यांनी भर गर्दीत विचारलं.

"तीन वर्षं झाली," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"लेकरू पाहिजे आहे का?"

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते, एका कंपनीत गाड्यांच्या सीट डिझाइन करत होते, चार माणसं माझ्या हाताखाली होती. असा प्रश्न माझ्या सख्ख्या आईनेही भीत भीत विचारला असता. पण खरं उत्तर "हो" असंच होतं. वर्षभरापूर्वी तिसऱ्या महिन्यात माझं एक मूल गेलं होतं. डॉक्टरांनी मला दोष दिला नाही, फक्त पुढच्या वेळेसाठी नीट समजावून सांगितलं. बाळाचं हृदय आणि पाठीचा कणा तयार होतो तो अगदी पहिल्या आठवड्यांत, आपल्याला पुरतं कळायच्याही आधी. तेव्हा आईची साखर चढलेली असेल तर धोका. म्हणून आधी साखर खाली आणायची, तीन महिन्यांची सरासरी सात टक्क्यांच्या आत, आणि मगच मुलाचा विचार करायचा. माझी सरासरी तेव्हा नऊच्या जवळ होती.

हे सगळं मी काकूंना का सांगितलं, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझ्या ऑफिसमधल्या डेस्कवरचा फोन वाजला. नंबर त्यांना माझ्या नवऱ्याने दिला होता. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काकू, मी मीटिंगमध्ये चाललेय. पोहे खाल्ले."

"किती?"

"बाऊलभर."

"बाऊल म्हणजे किती? इथे लेकरं आंघोळ करतील एवढे बाऊल असतात. संध्याकाळी येते."

आल्या त्या पर्समध्ये स्टीलची वाटी घेऊनच. घरातल्या वाट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. भात त्या वाटीने अर्धा, वरण एक, पालेभाजी दोन, भाकरी एक आणि तीही तळहाताएवढी, कुणाच्या तळहाताएवढी ते त्या दाखवणार. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी त्यांच्यासमोर घ्यायची. मी म्हटलं, "रोज पालक खातेय ना." त्या म्हणाल्या, "पालक खाऊन माझ्यावर उपकार नको करू. गोळी घे."

आणि वही. क्लिनिकमध्ये मला एक वही दिली होती, रोजचं खाणं आणि रोजची साखर लिहायची. काकूंनी ती ताब्यातच घेतली. "खाल्लं ते लिही, चाखलं तेही लिही," हे त्यांचं पालुपद. मी दर शुक्रवारी संध्याकाळी वही दाखवायची आणि त्या चष्मा नाकावर सरकवून माझ्या आठवड्याची उलटतपासणी करायच्या. माझ्या बॉसनेही माझं काम इतकं बारकाईने कधी तपासलं नसेल.

दोन महिने असे गेले. पहिल्यांदा साखर जरा उतरली आणि मग हटून बसली. मी चिडचिडी झाले. भात अर्ध्या वाटीवर आणला, बटाटा सोडला, सहकाऱ्यांच्या वाढदिवसाच्या केककडे पाठ फिरवली, तरी हे असं. काकू वही उलटसुलट करत होत्या. एका शुक्रवारी त्यांनी बोट ठेवलं.

"दर शुक्रवारी सकाळी तुझी साखर चढलेली असते. गुरुवारी काय होतं तुझ्याकडे?"

"काही नाही. गुरुवारी तर मी जेवतच नाही. उपास असतो."

वहीत प्रत्येक गुरुवारी मी प्रामाणिकपणे 'उपास' एवढंच लिहिलं होतं. क्लिनिकमधल्या भल्या अमेरिकन बाईला मी त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा ती बिचारी घाबरलीच होती. दिवसभर पोटात काही नाही म्हणजे साखर एकदम घसरायची, जवळ ज्यूस ठेव, असं तिने मला बजावलं होतं. मीही गुरुवारी जवळ ज्यूस ठेवत होते.

काकूंनी वही मिटली आणि त्या घरी गेल्या. उलटतपासणी इतक्या लवकर कधी संपत नसे; मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी कपडेही बदलले नव्हते, तर काकू दारात. सरळ ओट्यापाशी. कढईत साबुदाण्याची खिचडी होती, बटाटा आणि दाण्याचं कूट घातलेली, तुपाने चकाकणारी. शेजारी रताळ्याचे गोड काप. टेबलावर खजूर आणि फराळी चिवडा. काकूंनी पर्समधून वाटी काढली आणि खिचडी मोजायला लागल्या. एक. दोन. तीन. चौथी काठोकाठ भरली.

"सकाळी किती खाल्लीस?"

"एवढीच," मी म्हटलं. "पण काकू, हा उपास आहे."

खरं सांगते, तोवर माझ्या मनात आलंच नव्हतं. मी इंजिनिअर बाई, साबुदाण्यात काय असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. पण वहीत जेवण लिहायचं होतं, आणि उपासाला कुणी जेवत नाही. लहानपणापासून आमच्या घरात उपासाचं खाणं पोटात गेलं तरी ते खाण्यात धरत नव्हते. तुम्हीही धरत नसाल, जरा आठवून बघा.

काकूंनी कपाळाला हात लावला. "सहा दिवस अर्धी वाटी भातासाठी रडून राहिली तू, आणि सातव्या दिवशी आठ वाट्या साबुदाणा. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली मी बाप्पा, पण असा पेशंट नाही पाहिला. सोड हा उपास."

आणि माझा तोल गेला. "सोडणार नाही," मी ओरडलेच. "हा उपास मी बाळासाठी धरलाय. मागचं गेलं त्या आठवड्यापासून एक गुरुवार चुकवलेला नाही. मूल हातात येईपर्यंत सोडणार नाही असं बोललेय मी. तुम्हाला साखर कळते, यातलं काही कळत नाही. तुम्ही यात पडू नका."

एवढं बोलून मी रडायला लागले. काकूंनी जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, त्यांना ते जमायचंच नाही. त्यांनी खिचडीवर झाकण ठेवलं.

"सोडू नको," त्या म्हणाल्या. "मला देऊन टाक. तुझा गुरुवार मी करते. तू जेव."

"असं दुसऱ्याने केलेलं चालतं का?"

"मला काय माहीत? मी डाएटिशियन आहे, भटजी नाही. पण दत्तमहाराजांना बाळ हवं आहे की खिचडी, एवढं तर त्यांना कळत असेल."

काकूंनी त्या दिवसापासून माझे गुरुवार धरले, आणि धरले तेही कसे, तर ताक आणि एक केळं. बस. जन्मात कधी उपास न केलेली बाई ती. गुरुवारी दुपारनंतर त्यांचं डोकं असं तापायचं की सून ऑफिसातून मुद्दाम उशिरा घरी यायची. मला त्या दिवशी फोन दुप्पट. संध्याकाळी माझ्याकडे येऊन समोरच्या खुर्चीत बसायच्या आणि मी वरण, भाकरी, मेथीची भाजी खातेय ते एकटक बघायच्या. भुकेल्या माणसाच्या नजरेखाली जेवणं काय असतं, ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. "काकू, निदान दूध तरी घ्या," मी म्हणायची. "तू तुझा घास घे," त्या म्हणायच्या.

ऑक्टोबरमध्ये माझी सरासरी सहा पूर्णांक सात आली. नोव्हेंबरमध्ये दिवस राहिले. त्याच महिन्यात काकूंचे सहा महिने संपत होते. त्यांनी मुलाला मुदत वाढवून घ्यायला लावली, नातवाचा लळा लागलाय म्हणून. नातवाचं काय म्हणणं होतं, ते कुणी विचारलं नाही.

पुढचे महिने कसे काढले ते माझं मला माहीत. गोळ्या बंद होऊन इन्सुलिन सुरू झालं. पहिले तीन महिने मला वासानेही उलटी व्हायची आणि काकू दर दोन तासांनी फोनवर, चार दाणे चणे तरी खा. एकदा मी फोन उचललाच नाही, तर त्या बर्फातून मुलाला ड्राइव्ह करायला लावून माझ्या ऑफिसच्या रिसेप्शनला येऊन उभ्या राहिल्या, हातात मुगाच्या धिरड्याचा डबा. सिक्युरिटीवाल्याने मला बोलावून विचारलं, "तुझी आई आहे का?" मी म्हटलं, नाही, आई इतकी छळत नाही.

डोहाळजेवणाला बायकांनी पद्धतीप्रमाणे दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. मी वाटी उचलली तर आत मोड आलेली मटकी. दुसरीत उकडलेले चणे. सगळ्या बायका काकूंकडे बघायला लागल्या. आता मटकी म्हणजे मुलगा की मुलगी, यावर तासभर वाद झाला, आणि मी ताटातला एकही लाडू न खाता घरी आले.

मेमध्ये वाढीव मुदतही संपली. मला तेव्हा सातवा सरत आला होता. काकू गेल्या, तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला, खोटं का बोलू. जाताना मला म्हणाल्या, "गुरुवार मी तिकडूनही करून राहीन, तू लक्ष नको देऊ." त्या पुन्हा नोव्हायला आल्या नाहीत. मुलगा पुढे दुसऱ्या राज्यात गेला. दोन हजार सात साली त्याची ईमेल आली, आई गेली म्हणून, दोन ओळींची. ती वाचून मी ऑफिसातच रडले. पण शेवटच्या काकू म्हणून मला आठवतात त्या दोन हजार पाचच्या ऑगस्टमधल्या, फोनवरच्या.

बाळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी इस्पितळातल्या खोलीत फोन आला. तोवर पुण्याहून, साताऱ्याहून सगळ्यांचे फोन येऊन गेले होते. वजन किती, कुणासारखं दिसतं, नाव काय. नागपूरची लाइन खरखरत होती.

"साखर किती?" काकूंनी विचारलं.

"सकाळी पंच्याण्णव होती."

"तुझी नाही गं. बाळाची."

आईला मधुमेह असला की बाळाची साखर जन्मल्यावर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून इथे टाचेला टोचून बघतात. आदल्या दिवशी तीनदा बघितली होती. मी आकडे सांगितले. बावन्न, अठ्ठावन्न, एकसष्ट. नवजात बाळाला एवढी पुरते.

"परत सांग."

मी परत सांगितले.

"माझा पहिला साडेचार किलोचा होता," काकू म्हणाल्या. "सगळे म्हणाले, काय गुटगुटीत आहे. दुसऱ्या दिवशी गेला. साखर कुणी पाहिलीच नाही, ना माझी ना त्याची. मलाही तेव्हा माहीत नव्हतं, की पाहायची असते."

वर्षभर मी या बाईला उलट उत्तरं दिली होती. मी म्हटलं, "काकू, मुलगी झालीय."

"हो का," त्या म्हणाल्या. "झोपली आहे का? उठव तिला, पाज."

मी वाद न घालता तिला उठवलं.